म्हाताऱ्याचा व्हिसा की बायकोचा

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘पासपोर्ट व व्हिसाचे फॉर्म भरून मिळतील’ एवढंच लिहिलेलं आहे. व्हिसा मिळेल, असं त्यात कुठेही नाही. अठ्ठावीस वर्षांत ही पाटी नीट वाचून आत आलेला माणूस मला भेटलेला नाही.

दुकान अहिल्यानगरात, जुन्या बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी. आधी मी कोर्टाबाहेर बसून प्रतिज्ञापत्रं टाइप करायची. तिथे लोक घर, जमीन आणि भाऊ यांच्याबद्दल शपथेवर बोलायचे. व्हिसाच्या कामात आल्यावर शपथा कमी झाल्या आणि फोटो वाढले. आता सगळं ऑनलाइन झालंय, तरी गर्दी आहे. कारण फॉर्म प्रश्न विचारतो आणि प्रश्न विचारला की माणूस गोंधळतो.

खर्ड्याचे एक आजोबा अमेरिकेला निघाले होते. मी विचारलं, “प्रवासाचं प्रयोजन?”

“मुलगा.”

“मुलाला भेटायला?”

“भेटायला कशाला? बगायला. भेटलो की भांडान हुतं.”

मी ‘कौटुंबिक भेट’ असं टाकलं. त्यांना व्हिसा मिळाला. भांडण झालं की नाही, ते कळलं नाही.

जिल्ह्याचं नाव बदलल्यापासून आणखी एक काम वाढलंय. पासपोर्टवर अहमदनगर, नव्या दाखल्यावर अहिल्यानगर. एका वकिलातीने मला पत्र पाठवून विचारलं होतं, की अर्जदार एका जिल्ह्यात जन्मला आणि दुसऱ्यात राहतो का? तेव्हापासून मी प्रत्येक अर्जाला राजपत्राची प्रत जोडते.

हे सगळं रोजचं. पण या अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला रंगनाथरावच आठवले. एकतर त्यांचं काम मी आधी बिघडवलं. आणि दुसरं म्हणजे, ते दुरुस्त करताना मला कागदाबाहेर यावं लागलं, जे मी सहसा करत नाही.

रंगनाथराव कोपरगावकडचे. साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅन म्हणजे उसाचा रस आटवायचं दोन मजली उंचीचं बंद भांडं. आत साखरेचा दाणा धरला की नाही, हे पॅनमनने बाहेरून सांगायचं. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, उजेडाला धरायचा, बोटांनी चोळायचा आणि ठरवायचं. आता यंत्रं हे काम करतात, पण यंत्राचं आणि रसाचं पटलं नाही की माणूस बोलवावा लागतो. निवृत्तीनंतर रंगनाथरावांना केनिया, इंडोनेशिया, थायलंड असं बोलावणं यायचं. कुठे पंधरा दिवस, कुठे अख्खा हंगाम. ते विचार करताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळत बसायचे. मी दिलेला प्रत्येक कागदही त्यांनी तसाच चोळून बघितला.

पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, “मॅडम, थायलंडला ऱ्हायाचा व्हिसा पायजे. मधनंमधनं कामाला भायेर जातो, पन माघारी तिकडंच.”

मी त्यांना दोन प्रकार सांगितले. वाचकांनाही सांगते, पण यावर विसंबून कोणी अर्ज करू नये, कारण नियम वरचेवर बदलतात. पहिला निवृत्तांचा. वय पन्नासच्या पुढे हवं, बँकेत बरीच रक्कम अडकवून ठेवायची, तिथे काम करायचं नाही. कोणी काही विचारत नाही, काम एका दिवसात होतं. दुसरा तिथल्या नागरिकाच्या जोडीदाराचा. रक्कम साधारण निम्मी. पण लग्नाची सरकारी नोंद हवी, दोघांचे घरातले फोटो हवेत, शेजारी साक्षीदार हवा, अधिकारी घरी येऊन बघणार, आणि अर्ज केल्यावर महिनाभर ‘विचाराधीन’. त्या महिन्यात कधीही बोलावतील किंवा दारात येतील.

“म्हंजे एक म्हाताऱ्याचा आन एक बायकोचा,” रंगनाथराव म्हणाले. माझ्या दुकानात आजही हीच नावं चालतात.

“बायको आहे का तिकडे?”

अंगठा तर्जनीवर फिरला. “हाय बी आनि न्हाई बी.”

मग थोडं थोडं सांगितलं. कारखान्याच्या फाटकाबाहेर एक बाई खाणावळ चालवायची. नाव मालाई. नवरा वारलेला. हे तिथे दोन हंगाम जेवले. नंतर गावातल्या म्हाताऱ्यांनी दोघांच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले. तिकडे त्याला लग्न म्हणतात, सरकार म्हणत नाही. रंगनाथराव विधुर. मुलगी सुरेखा सोनईला दिलेली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी आप्पा कंपनीच्या खोलीत राहत होते.

मी सरळ सल्ला दिला. वारंवार प्रवास करणाऱ्या माणसाने महिनाभर एका जागी अडकायचं कशाला? म्हाताऱ्याचा करा. मला तेव्हा फक्त कागद दिसत होते आणि कागदांच्या दृष्टीने सल्ला बरोबर होता. व्हिसा झाला. मी स्वतःवर खूश होते.

आता माझी चूक सांगते. तिथला वर्षाचा शिक्का असला, तरी देशाबाहेर पाऊल टाकण्याआधी ‘परत येईन’ अशी वेगळी परवानगी काढावी लागते. ती न काढता गेलात, तर विमान उडाल्याबरोबर व्हिसा मेला. मी प्रत्येकाला सूचनांची यादी द्यायची, त्यात हे अकराव्या क्रमांकावर होतं. पण यादी इंग्रजीत होती आणि रंगनाथरावांना इंग्रजी वाचता येत नाही. हे मी विचारलं नव्हतं.

ते केनियाला गेले, सहा आठवड्यांनी परत आले. विमानतळावर अधिकाऱ्याने शिक्का बघितला, मान हलवली आणि त्यांना पर्यटक म्हणून आत घेतलं.

तिथूनच त्यांचा फोन आला. “मॅडम, मी टुरिस्ट झालो.”

ऐकून मी म्हणाले, की मी बघते. चार दिवसांनी मी त्यांना फोन करून चूक माझी असल्याचं सांगितलं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. ते म्हणाले, “पॅन बिगडला की मीबी आदी वाफेला नाव ठिवतो.”

पर्यटकाची मुदत संपत आली तेव्हा ते नगरला आले. मी फुकटात पुन्हा म्हाताऱ्याचा फॉर्म काढून ठेवला होता. त्यांनी तो चोळला आणि परत माझ्याकडे सरकवला.

“बायकोचा करा.”

“का?”

“माला म्हनली,” ते मालाईला माला म्हणतात, “ती म्हनली, तीन तास फाटकाशी हुबी ऱ्हायले. आन घरी आला तो टुरिस्ट. टुरिस्टाला मी जेवाय घालते, पैशे घेते. तू कोन ते कागदावर ठरव.”

“रागावल्या का?”

“न्हाई. जेवल्यावर बिल दिलं.”

ते हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही. “भरलंत?”

“भरलं. मंग दोन दिवस बोलली न्हाई.”

मी कामाला लागले. लग्नाची नोंद करायची तर आपल्या वकिलातीकडून ‘हा माणूस लग्नाला मोकळा आहे’ असा दाखला हवा. त्यासाठी पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा दाखला हवा. आणि पासपोर्टही बदलायचा, कारण त्याच्या शेवटच्या पानावर पत्नी म्हणून शकुंतला हेच नाव होतं. एका पासपोर्टात एक बायको आणि नोंदीत दुसरी, हे कुठलाच अधिकारी खपवून घेत नाही.

ते शेवटचं पान रंगनाथराव बराच वेळ बघत राहिले. “जित्तेपनी ती शिर्डीच्या पुढं गेली न्हाई. ह्याच्यात मातर समदीकडं फिरली.”

मी जुना पासपोर्ट कोपरा कापून परत मिळतो, असं सांगितलं. माहिती खरी होती, पण त्यांच्या बोलण्यावर ते उत्तर नव्हतं.

त्यांनी आणलेल्या मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्सवर नाव होतं शकुबाई. पासपोर्टवर शकुंतला. म्हणजे आधी दाखला दुरुस्त करायचा. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे असते. शकुंतलाबाई आजारपणात मुलीकडे होत्या, तिथेच गेल्या. म्हणजे नोंद सोनईत.

“तुमी एकट्या जाऊन याल का?” त्यांनी विचारलं.

“अर्जदार तुम्ही आहात.”

“सोनईत मी पंचायतीत पाऊल ठिवलं की सुरेखाला कळतंय.”

“मग आधी तिला सांगा.”

ते झेरॉक्स चोळत राहिले. सुरेखाशी त्यांचं बोलणं तसंही सणासुदीपुरतं होतं. शकुंतलाबाई गेल्या तेव्हा रंगनाथराव केनियात होते. निरोप गेला तेव्हा पॅन चढवलेला होता, तो मधेच सोडता येत नाही, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो दुसऱ्या गावी. ते तिसऱ्या दिवशी पोहोचले. अग्नी जावयाने दिला होता.

शेवटी मी त्यांच्याबरोबर गेले. फी मी घेणार नव्हतेच, आणि चूक माझी होती हे डोक्यात होतं. एसटीत त्यांनी खिडकीची जागा मला दिली.

ग्रामपंचायतीतल्या लेखनिकाने नोंदवही काढली. खबर देणारा म्हणून जावयाचं नाव होतं. घाईत त्याने घरात हाक मारायचे तेच नाव सांगितलं होतं. लेखनिक सज्जन माणूस. म्हणाला, “अहो, सुरेखाताईंची सही घेतली की लगेच हुईल. शेजारीच अंगणवाडीत हायेत. बोलावतो.” आणि आम्ही नको म्हणायच्या आत त्याने खिडकीतून हाक मारली.

सुरेखा आली ती खिचडी वाढता वाढता उठून. बोटांना हळद होती. वडिलांना बघून तिने पदर सारखा केला आणि विचारलं, “कधी आलात?”

“परवा.”

तिने टेबलावरचा अर्ज वाचला. मी त्यात ‘कारण’ या रकान्यात ‘परदेशात विवाह नोंदणीसाठी’ असं लिहिलं होतं. सरळ आणि खरं लिहायची माझी सवय. त्या दिवशी ती सवय मला नडली.

“हे कोणी लिहिलं?” तिने मला विचारलं.

“मी.”

“अक्षर चांगलं आहे.”

शेजारून मुलांच्या वाट्यांचा आवाज येत होता. लेखनिकाला एकदम दुसऱ्या खोलीत काम आठवलं.

“नाव काय तिचं?”

“मालाई,” रंगनाथराव म्हणाले.

“मलई?”

“मालाई.”

“मुलंबाळं?”

“न्हाई. ती आन तिची म्हातारी आई.”

सुरेखाने अर्ज पुन्हा वाचला. मग माझ्याकडे वळून अगदी गिऱ्हाइकासारखं विचारलं, “ह्या कामाला किती दिवस लागतात?”

मी सांगितलं. नोंदणी, मग अर्ज, मग महिनाभर विचाराधीन. बोलावतील तेव्हा हजर राहायचं.

“म्हणजे सलग महिना एका जागी.”

“हो.”

“आईला शेवटचे बावीस दिवस होते,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “रोज विचारायची, विमान किती वाजता येतं.”

“पॅन चढवलेला हुता, सुरेखा.”

“हे तुम्ही तेव्हा पण सांगितलं होतं.”

रंगनाथरावांनी मान खाली घातली. त्यांचा अंगठा चालत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. मी माझ्या पिशवीत काहीतरी शोधू लागले. पिशवीत शोधण्यासारखं काही नव्हतं.

सुरेखाने पेन घेतलं. दुरुस्तीच्या रकान्यात ‘शकुंतला’ लिहिलं, शाळेत लिहितात तसं, प्रत्येक अक्षर वेगळं. खाली सही केली. कागदावर हळदीचा ठसा उमटला.

“आईचं नाव नीट झालं पाहिजे म्हणून करते. बाकीचं तुमचं तुम्ही.” ती दारापर्यंत गेली आणि थांबली. “आप्पा, ती बाई आजारी पडली तर तिथं असा.”

ती अंगणवाडीत परत गेली. लेखनिक आला, त्याने ठशाला वळसा देऊन शिक्का मारला.

परतीच्या एसटीत नगर जवळ आल्यावर रंगनाथराव म्हणाले, “चहा न्हाई पाजला तिनं.”

“कामात होती.”

“व्हय. कामात हुती.”

पुढचं काम माझ्या सवयीचं होतं. दाखला, नवा पासपोर्ट, भाषांतरं, ते थायलंडला परतल्यावर मालाईच्या तालुक्यात नोंदणी. यावेळी सूचनांची यादी मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. घरातले फोटो त्यांनी मोबाईलवर पाठवले. फाटकापाशी दोघं, चुलीपाशी दोघं, पलंगावर दोघं. सगळ्यांत मतदार कार्डावरच्यासारखे चेहरे. मी कळवलं, जरा हसून काढा. उत्तर आलं, “हसलो तर खोटं वाटंल.”

अर्ज गेला आणि महिना सुरू झाला. बाराव्या दिवशी फोन आला.

“मॅडम, केनियावाले बोलावत्यात. रस आंबलाय, धा दिवसांचं काम हाय. जाता येईल का?”

मागच्या वेळी मी अर्धवट सांगितलं होतं, म्हणून यावेळी सगळं सांगितलं. परवानगी काढून जाता येईल. दिलेल्या तारखेच्या आत परत आलात, तर कायद्याने अडचण नाही. पण मधल्या दिवसांत अधिकारी घरी आले आणि तुम्ही नसलात, तर अर्ज बारगळू शकतो. मी चौकशी करून सांगते.

“नका करू चौकशी.” ते म्हणाले. “त्यास्नी मी न्हाई म्हनलो तर चालंल का, ह्येच इचारायचं हुतं.”

“ते मला कसं विचारता?”

“कुनाला इचारू? आजवर कामाला न्हाई म्हनलो न्हाई. कसं म्हनत्यात, ठाव न्हाई.”

मी म्हणाले, “फोन करून सांगा, घरी काम आहे.”

“तेवढंच?”

“तेवढंच.”

त्यांनी तसं सांगितलं. केनियावाल्यांनी इंदापूरकडचा दुसरा पॅनमन नेला. पुढच्या हंगामात रंगनाथरावांना बोलावणं आलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण असल्या गोष्टीत माणसाला नंतर भरपाई मिळाल्याचं सांगायची पद्धत आहे. त्यांना मिळाली नाही.

त्याच फोनवर शेवटी ते म्हणाले, “सुरेखाला सांगाल का, मी गेलो न्हाई म्हनून?”

“तुम्हीच सांगा की.”

“माजा फोन ती उचलत न्हाई.”

मला नात्यांच्या निरोपांची सवय नाही. दुरुस्त दाखल्याची एक प्रत तिला पाठवायची आहे, असं निमित्त काढून मी सुरेखाला फोन केला आणि मधेच सांगून टाकलं, की वडिलांना केनियाचं काम आलं होतं, ते गेले नाहीत.

 तिने विचारलं, “किती दिवसांचं होतं?”

“दहा.”

“तिच्यासाठी थांबले.”

“हो,” मी म्हणाले. दुसरं काही म्हणता आलं असतं, पण ते खरं नव्हतं.

“बरं झालं,” ती म्हणाली. ते बरं झाल्यासारखं वाटलं नाही. तिने फोन ठेवला.

अधिकारी सव्विसाव्या दिवशी आले. दोघे होते. शेजाऱ्याला विचारलं, या माणसाला ओळखता का? शेजारी म्हणाला, ओळखतो, हा नेहमी बॅग घेऊन निघालेला असतो. साक्षीदार म्हणून असा माणूस मी निवडला नसता. मग त्यांनी मालाईला विचारलं, हा परत येईल कशावरून? ती म्हणाली, “मला माहीत नाही. पण या महिन्यात गेला नाही.” अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. शिक्का मिळाला.

या गोष्टीला दीड वर्ष होत आलं. या उन्हाळ्यात रंगनाथरावांनी मालाईला इकडे आणायचं ठरवलं. म्हणजे आता आपल्या देशाचा व्हिसा, तिच्यासाठी. फॉर्म मीच भरत होते. आपल्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, भारतातला संदर्भ: नाव, पत्ता, फोन. नवरा बरोबरच प्रवास करणार, म्हणून इथे राहणारं कोणीतरी हवं. रंगनाथराव म्हणाले, तुमचंच नाव टाका. अशा वेळी मी टाकतेही. पण त्या दिवशी मी पेन खाली ठेवलं आणि सोनईला फोन लावला.

“सुरेखाताई, एक नाव-पत्ता हवा आहे, मालाईंच्या फॉर्मसाठी. भारतात यांना ओळखणारं कोण, असा प्रश्न आहे. नसेल द्यायचं तर मी माझं टाकते.”

“मी ओळखत नाही तिला.”

“हो. म्हणून विचारून घेतलं.”

फोनमधून पोरांचा गलका येत होता. तिने कुणालातरी खाली बसायला सांगितलं.

“नातं लिहावं लागतं का?” तिने विचारलं.

मी रकाना पुन्हा बघितला. “नाही. फक्त नाव, पत्ता आणि फोन.”

“मग घ्या लिहून,” ती म्हणाली, आणि घर नंबर, गल्ली, पिनकोड असं सावकाश सांगितलं. मी लिहिलं. मग तिनेच विचारलं, “कोणत्या आठवड्यात येणार?”

मी तारखा सांगितल्या.

“तेव्हा आमचा कांदा काढून घरात आलेला असतो. घरात बसायला जागा नसते.” तिने पुन्हा कुणालातरी खाली बसवलं. “येऊ दे. एक खोली मोकळी करते.”